नावे तीच, मूल्ये नवी: टाइपस्क्रिप्टमधील रूपांतराचा विचार

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय डाक खात्याने सहा अंकी पिनकोडची पद्धत सुरू केली. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ती आकाराला आली. ११०००१ म्हटले की नवी दिल्ली, ४००००१ म्हटले की मुंबईचे मुख्य टपाल कार्यालय, ६००००१ म्हटले की चेन्नई आणि ७००००१ म्हटले की कोलकाता. टपालाची छाननी करणाऱ्या खोलीत भिंतीला लागून खणांची मांडणी असते. प्रत्येक खणावर एक क्रमांक असतो आणि आत त्या क्रमांकाची पत्रे असतात. खण दिवसातून कित्येकदा भरतात नि रिकामे होतात, पण खणावरचा क्रमांक मात्र बदलत नाही. आतील ऐवज बदलावा आणि बाहेरची मांडणी तशीच राहावी, ही साधी गोष्ट संगणकाच्या आज्ञावल्यांमध्ये पदोपदी करावी लागते. ती निर्धोकपणे करणे वाटते तितके सोपे नाही.

जावास्क्रिप्ट या भाषेत अशा खणांच्या मांडणीला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. त्यातील प्रत्येक खणाला एक नाव असते आणि त्या नावाखाली एक मूल्य ठेवलेले असते. खणांना नावे न देता ते नुसते एकापुढे एक मांडले, तर त्या रांगेला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. समजा, वर सांगितलेल्या चार पिनकोडांच्या नावाने एका दिवसाचे कमाल तापमान सेल्सियस अंशांत नोंदवून ठेवले आहे: दिल्लीचे ४०, मुंबईचे ३०, चेन्नईचे ३५ आणि कोलकात्याचेही ३५. हीच नोंद फॅरनहाइटमध्ये हवी असेल, तर प्रत्येक मूल्याला ९ ने गुणावे, ५ ने भागावे आणि ३२ मिळवावेत. १०४, ८६, ९५ आणि ९५ ही नवी मूल्ये त्याच चार नावांखाली ठेवली की काम झाले. या क्रियेला ‘मॅपिंग’ म्हणतात. येथे तिला रूपांतर म्हणू.

ही कल्पना आजची नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेची मांडणी करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातच यादीतील घटकांवर क्रमाने एक फलन चालवून नवी यादी तयार करण्याची रीत आहे. पुढे १९७८ साली एडिंबरो विद्यापीठातील रॉबिन मिल्नर यांनी मूल्यांच्या प्रकारांविषयीचा आपला सिद्धान्त मांडताना हेच उदाहरण घेतले. ‘अ’ प्रकारच्या मूल्यांची यादी आणि ‘अ’पासून ‘ब’ तयार करणारे फलन दिले, तर हाती येते ती ‘ब’ प्रकारच्या मूल्यांची यादी. ‘अ’ आणि ‘ब’ म्हणजे नेमके काय, हे ठाऊक असण्याची गरजच नाही. आज्ञावली एकदाही न चालवता, केवळ तिचा मजकूर वाचून, हे विधान पडताळता येते. प्रकारांच्या तपासणीचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

जावास्क्रिप्टला मात्र जन्मतः अशी तपासणी नव्हती. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा तयार केला. संकेतस्थळाच्या पानावर थोडी हालचाल घडवणे एवढीच तेव्हा तिच्याकडून अपेक्षा होती. कोणत्याही खणात काहीही ठेवावे आणि पुढे ते सोयीने वापरावे, हा तिचा स्वभाव. पुढे तिच्यावर बँकांचे आणि तिकीट आरक्षणाचे व्यवहार चालू लागले, तेव्हा हा मोकळेपणा महाग पडू लागला. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०१२ रोजी टाइपस्क्रिप्ट जाहीर केली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. टर्बो पास्कल आणि सी शार्प या भाषांमागे ज्यांचे काम होते, ते अँडर्स हेल्सबर्ग याही भाषेचे प्रमुख शिल्पकार. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रत्येक मूल्याचा प्रकार लिहिता येतो आणि कंपायलर तो तपासतो. तपासणी झाली की प्रकारांच्या साऱ्या खुणा पुसल्या जातात आणि उरते ती साधी जावास्क्रिप्ट. आज्ञावली प्रत्यक्ष चालू असताना तेथे कोणी तपासनीस उभा नसतो. पुढील सारे विवेचन समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अ‍ॅरेच्या रूपांतराची व्यवस्था सुबक आहे. डिसेंबर २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या मानकाची पाचवी आवृत्ती आली, तेव्हापासून प्रत्येक अ‍ॅरेपाशी ‘मॅप’ नावाचे फलन असते. टाइपस्क्रिप्टने त्याला मिल्नर यांच्या सूत्राप्रमाणेच प्रकार दिला आहे. संख्यांच्या रांगेला संख्येपासून मजकूर बनवणारे फलन लावले, तर मजकुरांची रांग मिळेल, हे कंपायलर स्वतःच ओळखतो. लिहिणाराला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ‘मॅप’ मूळ रांगेला हात न लावता नवी रांग देतो, हा आणखी एक फायदा. तो का मोलाचा, ते थोडे पाहण्यासारखे आहे. केवळ संख्यांची रांग ही ‘संख्या किंवा मजकूर’ यांची रांग म्हणून दुसऱ्याच्या हाती देण्यास टाइपस्क्रिप्ट परवानगी देते. त्या दुसऱ्याने तिच्यात खुशाल एक मजकूर घातला, तरी कंपायलर काही बोलत नाही. आणि मूळ मालक मात्र आपल्याकडे फक्त संख्याच आहेत या समजुतीत राहतो. भाषेच्या कर्त्यांनी ही सवलत जाणूनबुजून ठेवली आहे. गणिताच्या दृष्टीने सर्वथा निर्दोष अशी प्रकारव्यवस्था उभारणे हे आपले ध्येय नाही, असे त्यांनी भाषेच्या उद्दिष्टांतच नोंदवून ठेवले आहे. म्हणूनच जी रांग कोणी बदलायची नाही, ती ‘केवळ वाचनासाठी’ म्हणून घोषित करणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तथापि अ‍ॅरेच्या बाबतीतही एक जुनी ठेच प्रसिद्ध आहे. तीन मजकुरांची एक रांग घ्यावी; तिन्ही मजकूर ‘१०’ असेच. मजकुरापासून पूर्णांक काढणारे ‘पार्सइंट’ हे तयार फलन ‘मॅप’ला द्यावे. अपेक्षा अशी की दहा, दहा, दहा मिळतील. प्रत्यक्षात मिळतात ते दहा, ‘संख्या नव्हे’ आणि दोन. कारण असे की ‘मॅप’ प्रत्येक मूल्याबरोबर त्याचा क्रमांकही फलनाच्या हाती देतो: शून्य, एक, दोन; आणि ‘पार्सइंट’चा दुसरा, ऐच्छिक घटक म्हणजे अंकपद्धतीचा पाया. पाया शून्य म्हणजे नेहमीचे दशमान. पाया एक अशी पद्धत तेथे मानलीच जात नाही. आणि पाया दोन धरला तर ‘१०’ म्हणजे दोनच. कंपायलर या ओळीला बिनतक्रार मान्यता देतो. त्याच्या दृष्टीने क्रमांक ही संख्या आणि पाया ही देखील संख्याच. आणि ‘संख्या नव्हे’ हे मूल्यसुद्धा त्याच्या लेखी संख्या या प्रकारातच मोडते! प्रकार जुळले म्हणजे अर्थही जुळला, असे समजणाऱ्याने हे उदाहरण जवळ बाळगावे.

आता ऑब्जेक्टकडे वळू. ऑब्जेक्टच्या मूल्यांचे रूपांतर करणारे फलन जावास्क्रिप्टमध्ये तयार मिळत नाही. ते लिहायचे तर आधी सर्व नावे काढावी लागतात. ‘ऑब्जेक्ट.कीज’ हे फलन नावांची यादी देते. पण टाइपस्क्रिप्टच्या मते ती ‘आपल्या चार पिनकोडांची यादी’ नसून नुसती ‘काही मजकुरांची यादी’ असते. नवशिक्याला हा कंपायलरचा मठ्ठपणा वाटतो. चार नावे तर त्याच्या डोळ्यांसमोर घोषित केलेली आहेत, मग ती त्याला दिसू नयेत काय?

खरे पाहता येथे कंपायलर प्रामाणिक आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टची ओळख त्याच्या ठेवणीवरून ठरते. जेथे चार खण हवेत तेथे पाच खणांची मांडणी चालते, कारण मागितलेले चार तिच्यात आहेतच. समजा, दुसऱ्या कोणी तयार केलेल्या नोंदीत चार तापमानांखेरीज ‘निरीक्षक’ या नावाचा पाचवा खण आहे आणि त्यात एका व्यक्तीचे नाव आहे. ही नोंद जागच्या जागी लिहून थेट फलनाला दिली, तर कंपायलर जादा खणाबद्दल हटकतो; पण ती आधी दुसऱ्या एका नावाखाली ठेवून मग दिली, तर तो हटकत नाही. आज्ञावली चालते तेव्हा ‘कीज’ पाचही नावे देते, निरीक्षकाच्या नावाला ९ ने गुणण्याचा प्रयत्न होतो आणि उत्तर येते ‘संख्या नव्हे’. पाचवा खण असणारच नाही, अशी खात्री कंपायलरला नाही. म्हणून तो नावांविषयी वचन देत नाही. गंमत अशी की नाव आणि मूल्य यांच्या जोड्या देणाऱ्या ‘ऑब्जेक्ट.एंट्रीज’बाबत तोच कंपायलर इतका काटेकोर राहत नाही. तेथेही तो नावाला मजकूर म्हणतो, पण मूल्ये मात्र सर्व संख्याच आहेत असे मानून चालतो. नावांविषयी सावध आणि मूल्यांविषयी उदार, असा हा विसंगत व्यवहार आहे. तो सोयीसाठी स्वीकारला गेला असावा, असेच म्हणावे लागते.

रूपांतराचे वचन शब्दांत मांडण्याचे साधन मात्र टाइपस्क्रिप्टपाशी उत्तम आहे. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या २.१ या आवृत्तीत दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे ‘कीऑफ’: एखाद्या ऑब्जेक्टच्या प्रकारातील सर्व नावांचा संच. दुसरी म्हणजे ‘मॅप्ड टाइप’, अर्थात रूपांतरित प्रकार. ‘या प्रकारातील प्रत्येक नाव घ्या आणि त्याखाली मजकूर ठेवा’ अशी आज्ञा आता मूल्यांना नव्हे, तर प्रकारांनाच देता येऊ लागली. चार पिनकोडांखाली संख्या असलेल्या प्रकारावरून चार पिनकोडांखाली मजकूर असलेला प्रकार एका ओळीत तयार होतो. पुढे पाचवे शहर वाढवले, तर ते दुसऱ्या प्रकारातही आपोआप येते. एखादा खण ऐच्छिक असेल किंवा केवळ वाचनासाठी असेल, तर तीही खूण नव्या प्रकारात उतरते. सप्टेंबर २०१८ मधील ३.१ या आवृत्तीने हीच सोय अ‍ॅरे आणि ‘टपल’ यांनाही लागू केली. टपल म्हणजे ठरलेल्या लांबीची रांग. तिच्यातील प्रत्येक जागेचा प्रकार स्वतंत्र असू शकतो. येथे एक कोडे उभे राहते. प्रकारांच्या पातळीवर टपलचे रूपांतर केले तर लांबी टिकते. पण प्रत्यक्ष मूल्यावर ‘मॅप’ चालवला की कंपायलरच्या दृष्टीने लांबी हरवते आणि उरते ती कितीही लांबीची रांग. मूल्ये तितकीच असतात, परंतु तसे सांगणारा कोणी उरत नाही.

वचन लिहिता आले, तरी ते पाळले गेल्याची कंपायलरला खात्री पटवणे ही निराळी बाब आहे. मूल्यांचे रूपांतर करणारे एक सर्वसाधारण फलन लिहिण्याचा प्रयत्न केला की हे ध्यानात येते. अशा फलनात एका रिकाम्या ऑब्जेक्टपासून सुरुवात होते आणि एकेक नाव घेऊन खण भरत जातात. पहिल्या फेरीनंतर एक खण भरलेला असतो, दुसऱ्या फेरीनंतर दोन. चारही खण भरल्याचे वचन खरे ठरते ते शेवटच्या क्षणी. तोवर ते खोटेच असते. कंपायलरपाशी मात्र त्या नावाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच प्रकार असतो. ‘आता अर्धे भरले आहे, पुढे पुरे होईल’ हे सांगण्याची भाषा त्याला येत नाही. जोड्या काढून, त्यांच्या रांगेवर ‘मॅप’ चालवून, ‘ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीज’ने पुन्हा ऑब्जेक्ट बांधावा, हा दुसरा मार्गही तेथेच अडतो. हाती येतो तो ‘कोणत्याही नावांचा’ ऑब्जेक्ट.

अशा वेळी लिहिणारा ‘अ‍ॅज’ हा शब्द वापरतो. ‘हा ऑब्जेक्ट अमुक प्रकारचा आहे, मी सांगतो म्हणून मान’ एवढाच त्याचा अर्थ. पाकीट न उघडता त्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारण्यासारखे हे आहे. हा शिक्का सर्वथा टाळता येत नाही. ज्या फलनाच्या पोटात तो मारलेला आहे, त्याने फेरीत एखादे नाव चुकून वगळले तरी कंपायलर गप्प राहील, कारण त्याला गप्प राहण्यास सांगितलेले आहे. यावर अनुभवी लोकांचा उपाय साधा आहे. शिक्का एकदाच मारावा, आठदहा ओळींच्या एका फलनात मारावा, त्या ओळी बारकाईने वाचाव्यात, काही नमुने देऊन प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात आणि बाकी सर्व आज्ञावलीने तेच फलन वापरावे. लोडॅश या प्रसिद्ध संग्रहातील ‘मॅपव्हॅल्यूज’ हे फलन अशाच कामासाठी आहे. याउलट जेथे गरज पडेल तेथे ‘अ‍ॅज’ लिहिण्याची सवय लागली, तर टाइपस्क्रिप्ट वापरूनही न वापरल्यासारखेच होते. असा सुशोभित निष्काळजीपणा पुष्कळ ठिकाणी आढळतो.

प्रत्येक खणातील मूल्याचा प्रकार निराळा असेल, तर अडचण वाढते. एका खणात तापमान, दुसऱ्यात निरीक्षकाचा शेरा आणि प्रत्येकासाठी वेगळे फलन, अशी योजना असेल तर फेरीच्या आत कंपायलरला दिसते ते एवढेच: हाती ‘संख्या किंवा मजकूर’ आहे आणि फलन ‘संख्या घेणारे किंवा मजकूर घेणारे’ आहे. संख्येच्या वेळी संख्येचेच फलन हाती असेल, ही जोडी त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून तो एकाच वेळी संख्याही असेल आणि मजकूरही असेल असे मूल्य मागतो. तसे मूल्य अस्तित्वातच नसते. फेब्रुवारी २०२२ मधील ४.६ या आवृत्तीपासून प्रकारांची विशिष्ट तऱ्हेने मांडणी केल्यास ही जोडी कंपायलरला ओळखता येते; पण ती मांडणी वाचणे हेच एक वेगळे कौशल्य आहे.

पिनकोडच्या उदाहरणात आणखी एक खोच दडलेली आहे. नोंद लिहिताना कोलकाता आधी, मग मुंबई, मग दिल्ली, मग चेन्नई असा क्रम ठेवला, तरी नावे काढताना मिळणारा क्रम ११०००१, ४००००१, ६००००१, ७००००१ असाच असतो. पूर्णांकासारखी दिसणारी नावे चढत्या क्रमाने आधी आणि इतर नावे लिहिल्या क्रमाने नंतर, असा जावास्क्रिप्टचा नियम आहे. शिवाय नाव संख्या म्हणून लिहिले, तरी परत येताना ते मजकूर होऊन येते. यांपैकी क्रमाबद्दल प्रकारांची भाषा अवाक्षर काढत नाही. क्रम महत्त्वाचा असेल किंवा नाव संख्याच राहायला हवे असेल, तर २०१५ च्या मानकात आलेला ‘मॅप’ नावाचा स्वतंत्र संग्रहप्रकार वापरावा. नाव अ‍ॅरेच्या फलनासारखेच असले तरी ही वस्तू वेगळी. ती घातल्या क्रमाने नावे परत देते आणि त्यांचा प्रकारही सांभाळते. मात्र तिच्याकडे एखादे नाव मागितले, तर उत्तर ‘मूल्य किंवा काहीच नाही’ असे येते आणि ‘काहीच नाही’चा विचार दर वेळी करावा लागतो. ऑब्जेक्टमध्ये खणांची हमी आहे पण क्रम हाती नाही. येथे क्रम आहे पण खणांची हमी नाही. कामाचे स्वरूप पाहून निवड करावी, हे उघड आहे.

‘काहीच नाही’चा हा प्रश्न अ‍ॅरेतही लपलेला असतो. चार घटकांच्या रांगेतील दहावा घटक मागितला, तर जावास्क्रिप्ट ‘अनडिफाइन्ड’ हे मूल्य देते. पण टाइपस्क्रिप्ट तो घटक संख्याच आहे असे समजते. नोव्हेंबर २०२० मधील ४.१ या आवृत्तीत यासाठी तपासणीचा एक जादा नियम आला. तो ‘स्ट्रिक्ट’ या कडक नियमांच्या गटाबाहेर ठेवलेला असल्याने वेगळा चालू करावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ४.९ या आवृत्तीत आलेला ‘सॅटिस्फाइज’ हा शब्दही येथे उपयोगी पडतो. ‘अ‍ॅज’प्रमाणे तो शिक्का मारत नाही, लिहिलेली मूल्ये ठरलेल्या प्रकारात बसतात की नाही हे तपासतो आणि त्यांचा मूळ नेमका प्रकारही हरवू देत नाही. रूपांतराचा तक्ता हाताने लिहायचा असेल, तेथे ‘अ‍ॅज’ऐवजी ‘सॅटिस्फाइज’ लिहावे, ही सूचना नव्या पिढीने आवर्जून पाळावी.

आता शेवटची आणि सर्वांत गंभीर मर्यादा. सेल्सियसचे फॅरनहाइट करणारे फलन चुकून दोनदा चालवले तर काय होईल? मुंबईचे ३० चे ८६ होतील आणि ८६ चे १८६.८. कंपायलरला यात काहीच वावगे दिसणार नाही, कारण दोन्ही वेळा संख्या आत गेली आणि संख्याच बाहेर आली. अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे २३ सप्टेंबर १९९९ रोजी दिसले. मंगळाच्या हवामानाच्या अभ्यासासाठी नासाने पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान त्या दिवशी मंगळापाशी पोचताच नष्ट झाले. पृथ्वीवरील एक आज्ञावली इंजिनाच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंद या एककात देत होती आणि ते वापरणारी व्यवस्था ते न्यूटन-सेकंदात आहेत असे धरून चालली होती. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना सुमारे ४.४५ ने गुणावे लागते, आणि ते झालेच नाही. टाइपस्क्रिप्ट तेव्हा अस्तित्वात नव्हती. पण असती आणि दोन्ही बाजूंना नुसते ‘संख्या’ असे लिहिले असते, तरी तिने हे पकडले नसते.

यावर टाइपस्क्रिप्टमध्ये एक युक्ती प्रचलित आहे. संख्येच्या प्रकाराला एक काल्पनिक खूण जोडून ‘सेल्सियस संख्या’ आणि ‘फॅरनहाइट संख्या’ असे दोन वेगळे प्रकार करता येतात. ही खूण प्रत्यक्ष मूल्यात कोठेच नसते, ती केवळ तपासनीसाला दिसते. मग रूपांतराचे फलन सेल्सियस घेईल आणि फॅरनहाइट देईल. तेच फलन त्याच मूल्यावर दुसऱ्यांदा चालवण्याचा प्रयत्न केला, तर कंपायलर तेथेच अडवील. चार पिनकोडांखालील सेल्सियसचा ऑब्जेक्ट रूपांतरित प्रकारामुळे चार पिनकोडांखालील फॅरनहाइटचा ऑब्जेक्ट होईल, आणि दोहोंची सरमिसळ करणारी ओळ आज्ञावली चालण्यापूर्वीच नाकारली जाईल. एवढ्यासाठी हाताने शिक्का मारावा लागतो: रूपांतराच्या फलनात उत्तराला फॅरनहाइट म्हणताना आणि बाहेरून आलेल्या आकड्याला पहिल्यांदा सेल्सियस म्हणताना. तो आकडा तापमापकावरून नीट वाचला होता की नाही, हे तपासणे कंपायलरच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे.